पान तीनशे चाळीस

सेलूत, जिनिंगच्या मागच्या गल्लीत
शनिवारी नवाला इलियास झेरॉक्सचं शटर अर्धं ओढतो
आणि आम्ही तिघं वाकून आत शिरतो
देवाबद्दल बोलायला.

आपल्या नव्हे. पुस्तकातल्या.
ओरम त्याचं नाव. पाच खंड, तेवीसशे पानं.
मीठ वाहणारा हमाल,
त्याचा तळवा एका रात्री पेटला तो विझलाच नाही.
कुठून आली ही शक्ती?
लेखकानं एवढंच लिहून ठेवलंय:
‘त्या रात्री कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं.’
बस्स. पुढच्या ओळीत डायरेक्ट लढाई.

अकरा वर्षं आम्ही ते दार धरून बसलोय.
आम्रपाली पहिल्यांदा आली तेव्हा सातवीत होती,
नकाशाची झेरॉक्स काढायला.

रुक्माजी लाईनमन. खांबावर आयुष्य गेलं.
तो म्हणतो, शक्ती तयार होत नसती,
इकडून तिकडं जाती.
ह्याचा तळवा पेटला ना,
मग कुठंतरी एक अख्खं गाव अंधारात बसलं आसंल.
लेखकानं ते गाव लिवलं न्हाई,
कामून, तर तितं दिसत नव्हतं काई.
एवढं बोलून तो बिस्किट चहात बुडवतो
आणि ते तुटून पडतं. दरवेळी.

आम्रपालीला हे पटत नाही.
आता ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला, परभणीला जाऊन-येऊन.
खंड दोन, पान एकोणनव्वद, ती बोट ठेवते:
तळवा पेटलेला पाहिला कुणी? एका पुजाऱ्यानं.
साक्षीदार एक, तोही पगारी.
हमाल मजुरीसाठी अडून बसले होते
हे चार पानं आधी आहे, तुम्ही घाईत वाचलंत.
संप मिटवायला देव लागत होता.

इलियास काच पुसत ऐकतो.
‘मेरेकू पूछो तो,’ म्हणतो, ‘ओरिजिनल हैच नै.’
ओरमच्या आधी एक देव, त्याच्याही आधी एक,
जो तो आधीच्याची कॉपी,
आणि लोक सगळ्यात फिक्या कॉपीलाच हात जोडतात,
तिच्यात आपल्या मनाचं भरता येतं.

मी लॅबमध्ये रक्त तपासते.
माझं म्हणणं साधं होतं: तळव्यात नव्हे, मिठात.
वीस वर्षं ओल्या पोत्यांनी सोललेली कातडी
आणि तिच्यात मीठ.
आग रोजचीच होती.
त्या रात्री त्यानं मूठ मिटली नाही, इतकंच.
कुणी काही बोललं नाही.
रुक्माजीनं एक कोरडं बिस्किट माझ्याकडं सरकवलं.

मग पौषात सहावा खंड आला.
पान तीनशे चाळीस. इलियासनं उभ्याउभ्या वाचलं.
आकाशातून एक निळा दगड पडला होता,
ओरमच्या बापानं तो मिठाच्या पोत्यात लपवला होता.
दार? दार वाऱ्यानं उघडलं होतं.

बाहेर कापसाचा ट्रक रिव्हर्स घेत होता,
त्याचं ते केविलवाणं टूं टूं संपेपर्यंत आम्ही गप्प.
‘दगड,’ रुक्माजी म्हणाला. ‘आसं कुठं आसतंय व्हय.’
अपील करता येईल का, आम्रपालीनं विचारलं,
आणि ती हसत नव्हती.

खंड महाग, गावात प्रत एकच,
पोरं इलियासकडून स्पायरल बांधून नेतात.
त्या रात्री त्यानं सहावा खंड मशिनवर घेतला
आणि तीनशे चाळीसच्या जागी कोरा कागद लावला.
आम्ही बघत होतो. अडवलं नाही.
चूक होती बहुतेक. मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा दहावीतलं एक पोरगं तणतणत आलं:
एक पान कोरंय, पैसे वापस करा.
‘कोरं न्हाई ते,’ रुक्माजी म्हणाला,
‘दार कुणी उघडं ठिवलं, त्वा सांग.’
येड्याकडं बघावं तसं पोरानं त्याच्याकडं बघितलं,
मग पानाकडं,
मग म्हणालं, पेन आहे का?

रुक्माजीच्या खिशातला घेऊन गेलं.
अजून आणून दिला नाही.